बाजाररस्त्यावरची वाहनबंदी आणि आम्ही रहिवासी

सोमवार, रात्री

रहिवाशांची बैठक आत्ता संपली. बाजाररस्त्यावर दिवसभर खाजगी गाड्यांना बंदी, तीही प्रायोगिक तत्त्वावर, एवढाच विषय होता. पण बोलणारे जवळजवळ सगळे जण बंदी कायमची झाली असं धरूनच बोलत होते. बाजूचे जिंकल्याच्या सुरात, विरोधातले घर बुडाल्याच्या सुरात. प्रयोग चालू आहे आणि निकाल लागायचा आहे, याचं भान दोन्हीकडे नव्हतं. मला यातच सगळ्या भांडणाचं मूळ दिसतं.

मनात घर करून राहिल्या त्या मागच्या गल्लीतल्या एक बाई. त्या आवाज न चढवता बोलल्या. त्यांची गल्ली अरुंद आहे, तिला पदपथ नाही, आणि बाजाररस्ता बंद झाल्यापासून वळसा घालणारी प्रत्येक गाडी त्यांच्या दारावरून जाते. मुलांना शाळेत सोडताना भिंतीला चिकटून चालावं लागतं, म्हणाल्या. "तुमचा रस्ता शांत झाला तो आमच्या जिवावर." समोरून उत्तर आलं, "ताई, थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल." आणि पुढचा माणूस बोलायला उभा राहिला.

मला हे अजिबात पटलं नाही. मी स्वतः बंदीच्या बाजूची आहे. गाड्या नसताना त्या रस्त्यावर माणसं कशी चालतात, थांबतात, एकमेकांशी बोलतात, हे मी रोज बघते आणि मला ते हवं आहे. पण एका रस्त्याची शांतता दुसऱ्या गल्लीकडून उसनी घेतलेली असेल, तर ते मोजायला हवं. "सवय होईल" म्हणणं म्हणजे मोजायचं टाळणं.

दुकानदारांचा विरोध अपेक्षितच होता. त्यांचं म्हणणं सरळ आहे: गिऱ्हाईक गाडीतून येतं, गाडी दाराशी उभी राहिली नाही तर ते दुसरीकडे जातं. त्यावर सभागृहात कुणीतरी हसलं. हसण्यासारखं त्यात काय होतं? ज्याचं दुकानाचं भाडं आणि नोकरांचे पगार त्या गल्ल्यावर चालतात, त्याची भीती खरीच असते. तिच्यामागचा अंदाज बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न. मालाच्या गाड्यांचं तर कोणी धड विचारलंच नाही. त्यांना कोणत्या वेळेत आत सोडणार, हे फलकावर इतक्या बारीक अक्षरात आहे की चालकाला गाडीतून उतरूनच वाचावं लागेल.

एक काका काठी टेकत आले होते. मुलगी त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत गाडीने सोडते, आता नाक्यावरून चालत जावं लागतं. त्यांनी बंदी उठवा असं म्हटलंच नाही. "माझ्यासारख्याला आत सोडायची सोय करा," एवढंच म्हणाले. अख्ख्या संध्याकाळची सगळ्यात नेमकी सूचना हीच होती, आणि ती इतिवृत्तात गेली की नाही याची मला खात्री नाही.

बैठकीला कोण आलं नाही, तेही लिहून ठेवते. दुकानांत काम करणारी पोरं, भाडेकरू, संध्याकाळी बाबागाडी घेऊन त्या रस्त्यावर निवांत फिरणाऱ्या आया. ज्यांचं बरं चाललंय ते बैठकीला येत नाहीत. त्यामुळे हात वर करून घेतलेल्या मतावरून वस्तीचं मन कळलं असं कोणी समजू नये.

बुधवार

काल आणि आज, हे इतर ठिकाणी कसं झालं ते वाचत बसले.

कोपनहेगनचा स्ट्रॉगेट हा रस्ता आज जगभर दाखवला जातो. तिथे नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्या बंद केल्या त्या प्रयोग म्हणूनच; कायमचा निर्णय १९६४ साली झाला. तेव्हाही धंदा बसणार अशीच ओरड होती, आणि इतक्या गार हवेत रस्त्यावर रेंगाळणार कोण, असा सवाल होता. लोक रेंगाळले. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते: यान गेल नावाच्या वास्तुरचनाकाराने त्या शहरात लोक कुठून चालतात, कुठे थांबतात, किती वेळ बसतात, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यामुळे पुढचा रस्ता बंद करायचा की नाही, याची चर्चा नोंदींच्या आधारावर होऊ लागली.

व्हिएन्नातल्या मारियाहिल्फर रस्त्याची हकीकत तर आमच्या बैठकीशी फारच जुळते. २०१३ मध्ये प्रयोग सुरू झाला तेव्हा चांगलाच गोंधळ माजला. बसचा मार्ग त्याच रस्त्यातून जात होता, तो बदलावा लागला. आजूबाजूच्या गल्ल्यांतले लोक चिडले. शेवटी २०१४ साली रस्त्याच्या दोन बाजूंच्या प्रभागांतल्या रहिवाशांचं मत घेतलं, आणि बाजूने पडली ५३.२ टक्के मतं. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक विरोधात होते! काम पुरं होऊन रस्ता २०१५ मध्ये नव्या रूपात खुला झाला. विरोध झाला म्हणून प्रयोग फसला असं नाही, आणि मत जिंकलं म्हणून विरोधकांच्या अडचणी खोट्या ठरल्या असंही नाही.

स्टॉकहोममधला प्रयोग रस्ता बंद करण्याचा नव्हता, शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर शुल्क लावण्याचा होता. पण लोकांचं मन कसं बदलतं हे त्यात स्पष्ट दिसतं. सुरू होण्याआधी बहुसंख्य लोक विरोधात. २००६ च्या जानेवारीपासून जुलैअखेरपर्यंत शुल्क चाललं, हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली, मग शुल्क थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. शहरातला कौल बाजूने लागला. शुल्क असतानाचा आणि पुन्हा नसतानाचा, असे दोन्ही अनुभव घेऊन लोकांनी मत दिलं. एखादा प्रयोग याहून प्रामाणिकपणे कसा करणार?

दुकानदारांच्या अंदाजाबद्दलही वाचलं. ब्रिस्टलच्या एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात. त्यांचा अंदाज ४१ टक्के. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर २२. हा फरक समजण्यासारखा आहे. गाडीवाला दुकानासमोर जागा शोधतो, कुरकुरतो, लक्षात राहतो. चालत आलेलं माणूस पिशवी भरून निघून जातं. पण ब्रिस्टलचा आकडा आमच्या रस्त्याला लावायचा नाही. इथे इथल्याच गिऱ्हाइकांना विचारायला हवं, आणि ते काही अवघड नाही. दुकानाच्या दारात उभं राहून "कसे आलात?" एवढंच विचारायचं.

आता मागच्या गल्लीचा प्रश्न. वाहतूक पाण्यासारखी असते, इथे अडवली की तिथून फुटते, असं बैठकीत एक जण ठासून म्हणाला. ते पूर्ण खरं नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी ११ देशांतली, रस्त्याची जागा कमी केल्याची सत्तराहून जास्त उदाहरणं तपासली. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी आधीच्या वाहतुकीपैकी ११ टक्क्यांहून अधिक गाड्या आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडल्या नाहीत. कोणी वेळ बदलली, कोणी दोन कामं एका फेरीत केली, कोणी चालत गेलं, काहींनी ती खेप केलीच नाही. पण काही ठिकाणी वाहतूक वाढलीही. म्हणजे गाड्या आपोआप नाहीशा होतील असं वचन मी त्या बाईंना देऊ शकत नाही. त्यांच्या गल्लीत जाऊन मोजणं एवढंच कुणीही प्रामाणिकपणे करू शकतं.

आणि ते का करायचं, याचं उत्तर शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जुन्या अभ्यासात आहे. सारख्याच वाटणाऱ्या तीन रस्त्यांवर त्यांनी माणसांना विचारलं: तुमचे याच रस्त्यावर मित्र किती? एका रस्त्यावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. सगळ्यात कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या लोकांना सगळ्यात जास्त गाड्यांच्या रस्त्यावरच्या लोकांपेक्षा तिप्पट मित्र होते. गाड्या वाढल्या की माणसं समोरच्या घराकडे जाणं सोडतात. मागच्या गल्लीत हेच घडत असेल तर ती किरकोळ तक्रार नाही.

शनिवार, दुपारी

हरकती आणि सूचनांसाठी दिलेल्या मुदतीत माझं पत्र देऊन आले. बंदी चालू ठेवा, असं त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. पहिल्या काही आठवड्यांच्या गोंधळावरून निकाल लावू नका, कारण सुरुवातीला चालकांना वळसा ठाऊक नसतो, नुसते घिरट्या घालत राहतात. ती स्थिती टिकणारी नसते. इंग्लंडमध्ये अशा प्रायोगिक आदेशाला १८ महिन्यांपर्यंत मुदत असते आणि हरकतींसाठी पहिले सहा महिने खुले असतात. इतका अवकाश नाही दिला तरी ऋतू बदलेपर्यंत, सणासुदीची गर्दी येऊन जाईपर्यंत तरी थांबायला हवं.

त्याखाली मागण्या आहेत. मागच्या गल्लीत गाड्यांची मोजणी आजपासून, आणि तीही सकाळी शाळेच्या वेळेला. बंदीच्या आधीचे आकडे असतील तर ते लोकांसमोर ठेवा. नसतील तर तसं सांगा, आणि बंदी मध्येच काही दिवस उठवून मोजा. गल्लीतली वाहतूक किती वाढली तर गल्लीच्या तोंडाशीही आडवे खांब लावणार, तो आकडा आधीच जाहीर करा. नंतर ठरवला की ज्याला जे हवं ते तो त्यातून काढतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या गाड्यांना परवाना, त्यासाठी हेलपाटे न घालता. मालाच्या गाड्यांची वेळ मोठ्या अक्षरात. दुकानांच्या विक्रीचे आकडे दुकानदारांनी स्वतः द्यावेत, नाव न लावता, आणि त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी व्हावी.

ही शेवटची मागणी घेऊन मी कोपऱ्यावरच्या एका दुकानदारांकडे गेले होते. बंदीला त्यांचा कडाडून विरोध आहे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. विक्रीचे आकडे देईन म्हणाले, पण एका अटीवर: धंदा खरोखरच घटला असं दिसलं तर मी बंदी उठवा म्हणून त्यांच्याबरोबर सही करायची. मी विचार केला आणि होकार दिला. माझ्याच पत्रात आकडा आधी ठरवा असं लिहिलं आहे, तेव्हा किती घट झाली म्हणजे घटली म्हणायचं, ते आम्ही दोघांनी तिथल्या तिथे कागदावर लिहिलं. मागच्या गल्लीतल्या बाईंना तोच कागद उद्या दाखवणार आहे. त्यांच्या खिडकीखालचा आकडा त्यांनी ठरवायचा.