शांत बाळ आणि कोरडा लंगोट

नवजात बाळ रडत नाही, बराच वेळ झोपून राहते, म्हणजे त्याचे पोट भरले आहे असे घरातल्या सगळ्यांना वाटते, आणि याच समजुतीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. अंगातले पाणी कमी झालेले बाळ आधी किरकिरते, पण पुढे ते सुस्त होते, दूध मागण्याइतकेही त्राण त्याच्यात उरत नाही, आणि त्या गुंगीलाच आपण गाढ झोप समजून बसतो.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच. मात्र ही घट जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत गेली, तर दूध पुरेसे मिळते आहे का, हे डॉक्टरांनी लगेच तपासायला हवे. ३ किलोच्या बाळात ही घट अवघी ३०० ग्रॅमची असते. ती डोळ्यांना जाणवत नाही, काट्यावरच कळते.

घरी पाहण्याजोगी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लंगोट. पाचव्या दिवसानंतर बाळाला २४ तासांत निदान सहा वेळा शू व्हावी. सुरुवातीला लंगोटावर कधीकधी विटकरी, भुकटीसारखा डाग दिसतो. तो बहुधा लघवीतल्या क्षारांचा असतो, रक्ताचा नव्हे. पण चौथ्या-पाचव्या दिवशीही तोच डाग पडत असेल आणि शी पिवळी न होता काळीच राहिली असेल, तर दूध कमी पडते आहे असे समजावे. टाळू खोल जाण्याची वाट पाहू नये, कारण ती उशिरा दिसणारी खूण आहे.

अशा वेळी ‘आईला दूधच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. पुष्कळदा बाळाची स्तनावरची पकड नीट नसते, किंवा सिझेरियननंतर दूध उतरायला वेळ लागतो. बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा प्यायला हवे, आणि दूध उतरल्यावर पिताना त्याच्या घुटक्यांचा आवाज ऐकू यायला हवा.

वरचे पाणी मात्र मुळीच पाजू नये. त्याने पोट भरते, दूध मागे पडते, आणि रक्तातले सोडियम धोकादायक रीतीने घसरून झटके येऊ शकतात. उलट, दूध कमी मिळाल्याने वाढलेले सोडियम रुग्णालयातही हळूहळूच खाली आणावे लागते, नाहीतर मेंदूला सूज येते. म्हणून बाळ प्यायला उठतच नसेल, आठ-दहा तास लंगोट कोरडा असेल किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.