स्पेंटवॉश जाळायला किती पडतं?

डिस्टिलरीचा 'शून्य द्रव विसर्ग' (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं) म्हणजे सगळा तोटाच, असं साखरपट्ट्यात सर्रास बोलतात. ते अर्धंच खरं आहे.

मोलॅसिसवर (साखर कारखान्याच्या मळीवर) रोज ६०,००० लिटर अल्कोहोल काढलं, तर लिटरमागे ८ ते १० लिटर धरून ५ ते ६ लाख लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, निघतो. त्याचा सीओडी (पाण्यातली घाण विघटित व्हायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात. नदीत सोडायचा नाही म्हटल्यावर १२ टक्के घनपदार्थ ६० टक्क्यांवर न्यायचे, म्हणजे पाच भागांतलं चार भाग पाणी उडवायचं. खरा खर्च इथे बसतो: वाफेचा. मग तो दाट स्पेंटवॉश बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोळशाच्या जोडीने बॉयलरमध्ये जाळतात. वाफ परत मिळते, वीजही.

अडचण स्पेंटवॉशमधल्या पोटॅशची (पोटॅशियमच्या क्षारांची). त्यामुळे राख कमी तापमानाला वितळते, सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांवर चिकटते आणि बॉयलर बंद ठेवून साफ करावा लागतो. पाणी उडवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये कॅल्शियमचे थर बसतात ते वेगळेच. बंद दिवसांचं उत्पादन बुडतं. प्रकल्प अहवालात हे दिवस हमखास कमी धरलेले असतात.

तीच राख खत म्हणून विकली जाते. २०२१ मध्ये किमान १४.५ टक्के पोटॅशच्या या खताला केंद्राने अनुदान योजनेत घेतलं. मात्र छोट्या डिस्टिलरीला बॉयलरचं भांडवलच झेपत नाही.