आकडा तोच, पक्षी वेगळे

नदीकाठच्या स्थलांतरित पक्ष्यांची उन्हाळी गणना हे आमच्या कामातले सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. हिवाळ्यात थवे मोठे असतात आणि हवाही सुखद असते, त्यामुळे माणसे उत्साहाने येतात. एप्रिल सरत आला की वाळूच्या दांड्यावर दिसणारे टिलवे आणि तुतवार हे चिखलात चरणारे छोटे पक्षी हिवाळ्यातले उरलेसुरले आहेत असे सगळेच धरून चालतात. ही समजूत किती फसवी आहे, हे मला एका सायंकाळी आणि तिच्या लगतच्या सकाळी डोळ्यांनी पाहता आले.

पाणी उतरल्यामुळे पात्राच्या मधोमध एक लांबट दांडा उघडा पडला होता आणि त्याच्या कडेच्या मऊ चिखलात अळ्यांची रेलचेल होती. गणना आम्ही अगदी सकाळी आणि ऊन कलल्यावर करतो. ऊन चढले की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागते, आणि मग कितीही महागडा स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) असला तरी दूरच्या पक्ष्याचे पाय काळे आहेत की पिवळसर, हे सांगता येत नाही. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे दोन चिमुकले टिलवे वेगळे करताना तर पायांचा रंगच उपयोगी पडतो: पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर.

त्या दुपारी उशिरा ६४ लिटल स्टिंट आणि ९ कर्ल्यू सँडपायपर (तुतवाराची एक जात) मोजले. कंठेरी चिखल्यांच्या जोड्याही होत्या, पण त्या तिथेच वाळूवर अंडी घालत असल्याने स्थलांतरितांच्या रकान्यात त्यांना जागा नव्हती. बहुतेक स्टिंट विणीच्या पिसाऱ्यात आले होते. पाठीवर तांबूस कडांची पिसे, छातीच्या बाजूंना नारिंगी झाक. कर्ल्यू सँडपायपर तर विटकरी लाल झाले होते, आणि ज्याने त्यांना केवळ हिवाळी करड्या रंगात पाहिले आहे त्याचा पहिल्या नजरेत विश्वास बसणार नाही. मात्र मला रंगापेक्षा महत्त्वाची वाटली ती त्यांची पोटे. उड्डाणापूर्वी हे पक्षी चरबी साठवतात, आणि बाजूने पाहिल्यास पायांमागचा पोटाचा भाग फुगून खाली आलेला दिसतो. पक्षी न पकडता त्याची तयारी जोखण्याची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. आम्ही प्रत्येक पोटाला सपाट ते फुगीर अशी श्रेणी देतो. त्या थव्यातले बरेचसे पक्षी वरच्या श्रेणीतले होते.

सूर्य मावळायला तासभर असताना त्यांचे चरणे थांबले. आधी थोडे पक्षी पिसे साफ करू लागले, मग आवाज वाढला, आणि अधूनमधून एखादी लहान तुकडी उठून दांड्यावर फेरी मारून पुन्हा उतरू लागली. अखेर स्टिंटांचा मोठा गट उठला तो उतरलाच नाही. चढत्या घिरट्या घेत तो बराच उंच गेला, त्यातले तीन-चार पक्षी विचार बदलल्यासारखे खाली परतले, आणि बाकीच्यांची तिरकी रांग उत्तरेकडे निघून गेली. थोड्या वेळाने कर्ल्यू सँडपायपरही त्याच दिशेने गेले. सायंकाळी निघण्यात मोठी सोय आहे: दिवसभर चरता येते, रात्रीची हवा थंड आणि शांत असल्याने शरीरातले पाणी कमी खर्च होते, आणि मावळतीचा प्रकाश व तारे दिशा दाखवतात. ताशी ५०-६० किलोमीटरने रात्रभर उडणारा पक्षी उजाडेपर्यंत काहीशे किलोमीटर दूर असतो. आणि स्टिंटाला तर आर्क्टिक टुंड्रा गाठायचा असतो.

दुसऱ्या सकाळी दांड्यावर ६१ लिटल स्टिंट होते.

“सर, कालचाच थवा परत आला,” माझी सहकारी म्हणाली. संख्या पाहता तिचे म्हणणे वाजवी होते. मी तिला फक्त पोटे पाहायला सांगितली. जवळजवळ सगळी सपाट होती, आणि पक्षी मान वर न करता, एकमेकांना हुसकावत अधाशासारखे चरत होते. पिसाराही आदल्या दिवसाहून फिकट, अर्धवट बदललेला होता. म्हणजे हा साठवलेली चरबी खर्चून नुकताच उतरलेला दुसराच थवा होता. दहाएक पूर्ण करडे पक्षी तेवढे दोन्ही दिवशी सारखे दिसले. ते बहुधा गेल्या वर्षी जन्मलेले असावेत, कारण अशा पक्ष्यांपैकी काही पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत. ‘मागे राहिलेले’ म्हणायचेच असेल तर इतक्यांनाच म्हणावे.

म्हणजे आठवड्यातून एकदा येणाऱ्या गणकाला दोन्ही खेपांना साठेक पक्षी दिसले असते आणि त्याने ‘संख्या स्थिर’ अशी नोंद केली असती, आणि इतका छोटा थवा टिकवण्यासाठी दांडा राखण्याची गरज कोणालाही पटवता आली नसती. प्रत्यक्षात दांड्यावरून किती पक्षी पुढे जातात, हे नुसत्या मोजणीने कळणार नाही. त्यासाठी पायात रंगीत कडी घातलेले पक्षी पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येकाचा मुक्काम किती दिवसांचा होता ते काढावे लागते. तोवर आमच्या तक्त्यात पोटाची श्रेणी, पिसाऱ्याची अवस्था आणि सायंकाळच्या उड्डाणाची दिशा असे तीन रकाने वाढवले आहेत, आणि ६४ हा आकडा अहवालात ‘किमान’ अशा शेऱ्यासह पाठवला आहे.