वेचणीत उठणारं डोकं

बाजाराच्या दिवशी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी फुटते. एरवी वेचणीच्या हंगामात सकाळी चिटपाखरू नसतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावांत कापूस वेचण्याची मजुरी किलोवर मिळते, मग दवाखान्यात कोण सकाळ घालवणार?

त्या दिवशी सासू पुढे, सून मागे. सासूच्या गालात खर्रा, तक्रारही तिचीच. "डाक्टरसायेब, वेचाचे दिवस आले का इचं डोस्कं उठते. बाकी साल एवढं नाई. एक सलाईन लावून द्या, उद्या वावरात जाईन थे."

टोमणाच होता तो, पण इतकी नेमकी हिस्टरी मला क्वचित मिळते. उपाशीपोटी निघायचं, दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही, वरून ऊन आणि समोर पांढऱ्या कापसाची तिरीप. अर्धशिशी चाळवायला आणखी काय लागतं!

पिशवीत जुने कागद होते. चष्म्याचा नंबर नाही. कुणीतरी सायनस ठरवून अँटिबायोटिक दिलेलं. तालुक्याला सीटी स्कॅन, नॉर्मल. डोकं दुखण्याच्या आधी काय होतं, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं. स्कॅनला हजारो रुपये लावतात, पण एवढं विचारायला या लोकांची जीभ रेटत नाही.

सून बोलेना, म्हणून सासूला बीपी मोजायला सिस्टरकडे पाठवलं. (ते खरंच वाढलेलं निघालं, पण तो वेगळा विषय.)

"ताई, दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही होतं का?"

"होते ना. बोंडाकडे पाह्यलं का डावा भाग दिसतच नाई. मंग करवतीच्या दातावानी उजेड येते. सरकत सरकत बाजूले जाते, अन् मंग डोस्कं फुटते."

"किती वेळ चालतं?"

"एक तास लागाच्या आतच."

याला ऑरा म्हणतात. मेंदूच्या मागच्या भागात, जिथं दृष्टीचं केंद्र आहे, तिथं पेशींच्या विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर अशी सरकते आणि मागे तो भाग काही वेळ गप्प पडतो. अशी लाट सशाच्या मेंदूत लेआओ या ब्राझीलच्या संशोधकानं १९४४ साली नोंदवली. उजेड "सरकत" जातो तो यामुळे. पक्षाघातात दिसणं बहुधा एकदम जातं. तिचा तो एक शब्द मला त्या स्कॅनपेक्षा जास्त कामाचा वाटला.

पुढचा प्रश्न मग विचारावाच लागतो. "पाळणा लांबवायला काही घेता का?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग कनवटीतून पाकीट काढलं. माला-एन. दोन मुली आहेत, सासूला नातू हवाय, गोळी आशाताई गुपचूप देते. आशाताईचं मला कौतुकच वाटलं. पण माला-एनमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं. ऑरा येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी पक्षाघाताचा धोका वाढवते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ती अशा बाईला देऊच नये असं आहे.

माला-एन बंद केली, छाया ही दुसरी गर्भनिरोधक गोळी सुरू केली. छायात हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाकीट लपवायलाही सोपं. अर्धशिशी वरचेवर उठू नये म्हणून, दम्याचं विचारून घेऊन, प्रोप्रॅनोलॉल कमी डोसनं चालू केलं. किराणा दुकानातली "डोक्याची गोळी" मोजूनच घ्यायला सांगितली, कारण साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस महिनोन्‌महिने पोटात गेली की तीच डोकेदुखी लावतात. खाऊन निघ, पाण्याची बाटली ने, हेही सांगितलं. सलाईन लावली नाही. सासू चिडली.

या वयात पक्षाघात दुर्मीळच. कदाचित तिला गोळीनं काहीच झालं नसतं. मी काही टाळलं की नाही, हे कुठल्याच रजिस्टरात दिसणार नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

आशाताईंच्या पुढच्या बैठकीत मी विचारलं, गोळी देण्याआधी डोकेदुखीचं विचारता ना? तो प्रश्न त्यांच्या तपासयादीत असतोच. सगळ्या म्हणाल्या, विचारतो. मागून एक जुनी आशाताई म्हणाली, "इचारतो ना सर. डोस्कं दुखते का म्हनलं तं कोन बाई नाई म्हनते? मंग सांगा, गोळी देऊ कोनाले?"