निळा चेहरा, नारिंगी आकाश

पायथॉनमध्ये ओपनसीव्ही या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीने फोटो वाचला, मॅटप्लॉटलिब या आलेख-चित्रं काढणाऱ्या लायब्ररीने दाखवला आणि पडद्यावर माणसाचा चेहरा निळा! फाइल मात्र ठणठणीत.

भानगड क्रमाची आहे. ओपनसीव्हीचं फोटो वाचणारं फंक्शन 'आयएमरीड' प्रत्येक पिक्सेल निळा-हिरवा-लाल असा देतं, मॅटप्लॉटलिब तेच आकडे लाल-हिरवा-निळा समजून रंगवतं. त्वचेचा ९०, १४०, २१० असा पिक्सेल घ्या. लालचे २१० थेट निळ्याच्या खात्यात जमा. मध्ये रंगांचा क्रम बदलणाऱ्या 'सीव्हीटीकलर'ची एक ओळ घातली की काम झालं.

खटकतं ते हे, की कुठेच एरर येत नाही. फाइलचा पाथ चुकला तरी आयएमरीड न थांबता 'नन', म्हणजे 'काहीच नाही', परत करतं आणि बोंब उठते पुढच्या कुठल्यातरी ओळीवर. म्हणून फोटो वाचल्या वाचल्या 'नन' तपासायचं.

कृष्णधवल फोटोचं आणखी वेगळंच. एकच चॅनेल, म्हणजे पिक्सेलमागे एकच आकडा, दिसला की मॅटप्लॉटलिब आपल्या मनाने जांभळा-हिरवा-पिवळा रंगपट चढवतं. रंगपट ठरवणाऱ्या 'सीमॅप'ला 'ग्रे' सांगा. शिवाय काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवणारे 'व्हीमिन' ० आणि 'व्हीमॅक्स' २५५ द्या, नाहीतर फिकट, मरगळलेला फोटोही ताणून झकास दाखवला जातो.

निळा चेहरा निदान डोळ्यांत तरी भरतो. हा ताणलेला काँट्रास्ट कोण पकडणार?