वॉडहर्स्टची पोरं

आज इंग्लंडमधल्या ससेक्सच्या वॉडहर्स्ट गावी गेलो होतो. तिथलं चर्च जमिनीत बसवलेल्या जुन्या लोखंडी थडग्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण माझा पाय निघाला नाही तो युद्धस्मारकापासून. एकेक नाव पुटपुटत वाचलं. घाईनं वाचायची ती यादीच नव्हे.

9 मे 1915, पहिलं महायुद्ध. फ्रान्समधली ओबेर रिजची लढाई. त्या एका दिवसात या एवढ्याशा गावाची सुमारे 25 पोरं गेली. बहुतेक रॉयल ससेक्स रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनची, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी. ब्रिटननं तेव्हा मृत सैनिक मायदेशी आणले नाहीत, आणि यातल्या अनेकांचे तर देहही सापडले नाहीत. आईला हात ठेवायला जागा काय, तर हे कोरलेलं नाव. वाचताना गळा दाटून आला.

त्याच दिवशी त्यांच्या शेजारीच आपली मेरठ डिव्हिजन लढत होती. जवळच्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून जास्त भारतीय जवानांची आणि मजुरांची नावं आहेत. आपल्याकडेही सातारा-कोकणातल्या गावांत त्या युद्धाच्या पाट्या आहेत, पण त्यांवर बहुधा नुसते आकडे: इतके गेले, इतके मेले. नावं हवीत हो! तुमच्या गावात अशी पाटी असेल तर फोटो टाका, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोण कोण गेलं होतं.