आधी केटो मॅनर, मग चॅट्सवर्थ

डर्बनला गेलेला आपला माणूस फिनिक्सचा गांधी आश्रम बघतो, समुद्रावर फोटो काढतो आणि परततो. चॅट्सवर्थ या भारतीयांच्या उपनगरात गेलाच तर इस्कॉनच्या कमळाच्या आकाराच्या देवळापुरता. माझाही बेत तोच होता. जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाई म्हणाल्या, "आधी केटो मॅनर बघून या, नाहीतर चॅट्सवर्थ कळायचं नाही." खरं होतं त्यांचं.

केटो मॅनर शहराला अगदी खेटून आहे, विद्यापीठाच्या हॉवर्ड कॉलेजच्या टेकडीखाली. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या गिरमिटियांपैकी (करारबद्ध भारतीय मजुरांपैकी) अनेकांनी करार संपल्यावर इथे जमिनी घेतल्या, काहींनी खंडाने केल्या. भाजी पिकवली, देवळं बांधली. पुढे वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा १९५० चा ग्रुप एरियाज कायदा आला आणि १९५८ मध्ये हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. आफ्रिकन माणसांना उमलाझी आणि क्वामाशू या वस्त्यांत हलवलं, भारतीयांना मुख्यतः चॅट्सवर्थला. एवढं करून ती जमीन कित्येक वर्षं बहुतेक ओसाडच पडली होती! आता नवी घरं झाली आहेत. गाडी सावकाश न्या, मधेच आंब्याची जुनी झाडं दिसतात.

तिथून चॅट्सवर्थ टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत. तिथेही आधी भारतीयांच्याच केळीच्या बागा होत्या; त्या सरकारी ताब्यात घेऊन १९६४ पासून एकसारख्या घरांच्या रांगा उठवल्या. वस्त्यांना नावं नव्हती, युनिट एक, युनिट दोन; रस्त्यांनाही नुसते आकडे. नावं नंतर आली, पण जुनी मंडळी आकड्यांनीच बोलतात, त्यामुळे पत्ता विचारताना युनिट नंबर जवळ ठेवा. मी ठेवला नव्हता, पाऊण तास फिरलो. एखाद्या उंच रस्त्यावर थांबून दक्षिणेला बघा. नदीपलीकडे उमलाझी. गोऱ्यांची वस्ती आणि आफ्रिकन वस्ती यांच्यामध्ये भारतीयांची पाचर मारलेली होती, हे नकाशापेक्षा तिथून लवकर कळतं.

शनिवारी सकाळी बांगलादेश मार्केटला जाच. आपल्या अळकुड्या तिथे मडुंबी नावाने मिळतात. वडीलधाऱ्या बाईला 'आंटी' म्हणायचं, पुरुषाला 'अंकल'. मराठीची आशा धरू नका. बोटी मद्रास आणि कलकत्त्याहून सुटत, म्हणून पूर्वज तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारे. (आपले कोकणी मुसलमान गेले ते केपटाउनला.) हिंदी बोलणाऱ्यांच्या घरांच्या अंगणात मारुतीची लाल निशाणं दिसतील. भाजीवाल्या आंटींना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मला तमिळनाडूतलं एखादं गाव अपेक्षित होतं. त्या म्हणाल्या, "केटो मॅनर."

जेवायला बनी चाऊ घ्या: पोखरलेल्या पावात रस्सा, हातानेच खायचा. शाकाहारींनी 'बीन्स बनी' मागावा. 'क्वार्टर' एकाला पुरतो; मी हावरटपणे 'हाफ' घेतला आणि संपवता आला नाही. सुटे रँड खिशात असू द्या, अ‍ॅपवरची टॅक्सी वापरा आणि अंधाराआधी शहरात परता. डर्बनच्या डर्बी स्ट्रीटवरचं १८६० हेरिटेज सेंटर आदल्या दिवशीच बघून ठेवलंत तर उत्तम.